हँड ब्लेंडरने घरी साबण कसा करावा

घरगुती साबणाच्या बहुतेक कृतींमध्ये सुगंधावर तीन परिच्छेद असतात आणि ब्लेंडरवर एकच वाक्य असते: ‘मिश्रण दाट होईपर्यंत फिरवावे.’ माझ्या पहिल्या तीन घाण्यांपैकी दोन याच वाक्यावर विश्वास ठेवल्यामुळे वाया गेले. ताक घुसळायला किंवा टोमॅटोचे सार एकजीव करायला जो हँड ब्लेंडर वापरतो, त्यानेच साबण होतो, मात्र साबणासाठी घेतलेला ब्लेंडर पुन्हा स्वयंपाकाकडे वळवू नये. मिक्सरच्या बंद भांड्यात साबण करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये, कारण झाकणाच्या फटीतून उडणारे ते मिश्रण कातडी भाजणारे असते.

आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करतो. कॉस्टिक सोड्याशिवाय घट्ट वडीचा साबण होत नाही. ‘रसायनविरहित’ म्हणून वितळवून साच्यात ओतायला मिळणाऱ्या तयार लाद्याही कारखान्यात अल्कलीनेच केलेल्या असतात. रिठा आणि शिकेकाई केस धुवायला उत्तम आहेत, पण त्यांचा फेस म्हणजे साबण नव्हे.

माझे प्रमाण असे आहे: खोबरेल तेल ३०० ग्रॅम, ऑलिव्ह तेल १५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७६ ग्रॅम आणि पाणी १५५ ग्रॅम. सर्व काही, अगदी पाणीसुद्धा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलावे, वाटी-चमच्याने मोजू नये. या प्रमाणात साडेसहा टक्क्यांच्या आसपास तेल साबण न होता शिल्लक राहते आणि त्यामुळे अंग कोरडे पडत नाही. तेल बदलले तर सोड्याचे प्रमाणही बदलते, कारण एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, तर तेवढ्याच एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम पुरतो. म्हणून ‘घरात असेल ते तेल घ्या’ असे सांगणारी कृती तिथेच मिटवून ठेवावी. सोडा शुद्ध घ्यावा. तुंबलेली मोरी मोकळी करायच्या पुडीत अनेकदा इतर पदार्थ मिसळलेले असतात, ती चालत नाही.

चष्मा, हातमोजे आणि उघडी खिडकी या गोष्टी गृहीत धरतो. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे असावे. जर्मनच्या पातेल्यात कॉस्टिक पडले की ते धातू खाऊ लागते आणि हायड्रोजन वायू सुटतो, ब्लेंडरचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याचेही तेच होते. अंगावर थेंब उडाला तर व्हिनेगर शोधत बसू नये, नळाच्या वाहत्या पाण्याखाली ती जागा किमान पंधरा मिनिटे धरावी. डोळ्यात गेला तर डोळा तसाच धूत राहून ताबडतोब दवाखाना गाठावा.

आता ब्लेंडर. तेल आणि कॉस्टिकचे पाणी पुन्हा वेगळे होणार नाही इतके एकजीव झाले, की साबण करणारे त्या अवस्थेला ‘ट्रेस’ म्हणतात. माझा दुसरा घाणा पुण्यातल्या डिसेंबरमधला होता. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते हे ठाऊक असूनही मी ते जेमतेम पातळ करून घेतले आणि त्यात थंडगार झालेले कॉस्टिकचे पाणी ओतले. दोन मिनिटांत मिश्रण श्रीखंडासारखे दाट झाले. मी खूश होऊन ते साच्यात भरले, आणि सकाळी पाहतो तो वर तेलाचा थर आणि खाली भुसभुशीत ढेकळे, त्यांच्या खळग्यांत बोचरे पाणी साठलेले. तो ट्रेस नव्हताच, नुसते तेल थिजले होते. तेव्हापासून तेल आणि कॉस्टिकचे पाणी दोन्ही ४० ते ४५ अंशांवर आल्याशिवाय मी ती एकत्र करत नाही, आणि शंका आली तर भांडे गरम पाण्याच्या परातीत ठेवून हलके ढवळतो. मिश्रण पुन्हा पातळ होऊन त्यावर तेलाचा तवंग दिसला तर ट्रेस खोटा होता. अशा वेळी ऊब तशीच ठेवून पुन्हा फिरवायला लागावे, घाणा वाचतो.

ब्लेंडर तिरका धरून मिश्रणात बुडवावा, तळाशी दोनदा हलकेच आपटून आतली हवा सोडावी आणि मगच बटण दाबावे. पाते फिरत असताना ते वर उचलायचे नाही, कारण छातीवर शिंतोडे उडतात ते त्याच क्षणी. चार-पाच सेकंद फिरवावे, मग बटण बंद ठेवून त्याच दांड्याने वीस सेकंद नुसते ढवळावे. सलग दोन मिनिटे फिरवण्याचा सल्ला देणाऱ्यांनी साच्यात न उतरणारा गोळा एकदा तरी खरवडून काढला असावा अशी माझी इच्छा आहे. आधी मिश्रण पिवळट आणि पारदर्शक असते, मग ते दुधाळ होते, कडेच्या तेलाच्या रेषा नाहीशा होतात आणि त्याला बासुंदीचा दाटपणा येतो. बंद ब्लेंडर वर उचलून थेंबांची रेघ ओढली आणि ती पृष्ठभागावर क्षणभर टिकली, की थांबावे. बासुंदीच्या पुढे जाऊन पिठले होऊ देऊ नये.

सुगंधी तेल याच टप्प्यावर, ब्लेंडर बाजूला ठेवून चमच्याने मिसळावे. लवंगेचे तेल टाळावे, त्याने मिश्रण डोळ्यांदेखत आवळते. हळद घालणाऱ्यांनी पिवळ्या वडीची आशा सोडावी: हळदीला चुना लागला की कुंकू होते, तसाच रंग इथेही बदलतो. म्हणूनच साबण ‘तयार’ झाला का हे हळदीने तपासण्याची युक्ती निरुपयोगी आहे. चांगला मुरलेला साबणही अल्कलीच असतो आणि तोही हळदीला लाल करतो.

मिश्रण साच्यात ओतून साचा टॉवेलात गुंडाळावा, दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून वड्या कापाव्यात आणि हवेशीर जागी चार ते सहा आठवडे वाळवाव्यात. पावसाळ्यात वड्यांना घाम सुटल्यासारखे थेंब येतात. साबणातले ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते म्हणून तसे होते, वडी बिघडलेली नसते.

ब्लेंडर आणि भांडी त्याच दिवशी घासू नयेत. प्लग काढून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ती रात्रभर ठेवून द्यावीत. दुसऱ्या दिवशी कडेला चिकटलेल्या थराचाच साबण झालेला असतो, गरम पाणी सोडले की त्याचा फेस होतो आणि पाते आपोआप स्वच्छ होते.