विद्यार्थी रुजू होण्याआधी

शाश्वततेच्या कामासाठी पदव्युत्तर विद्यार्थ्याला दहा-बारा आठवडे संस्थेत घ्यायचं ठरलं, की सगळ्यात आधी त्याला कोणता प्रश्न द्यायचा ते एका वाक्यात लिहून काढा. ‘आपण पर्यावरणपूरक कसे होऊ?’ एवढ्यावर सोडलंत, तर एक देखणा अहवाल मिळेल आणि तो कपाटात जाईल. ‘कॉम्प्रेसरची वीज कुठे वाया जाते आणि ती वाचवायला किती खर्च येईल?’ असं विचारलंत, तर तो पहिल्याच आठवड्यात कामाला लागेल. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेची २० ते ३० टक्के गळती कारखान्यांमध्ये सर्रास सापडते. सुटीच्या दिवशी बाकीची यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू केला, तर सांध्यासांध्यातली फुसफुस नुसत्या कानांनीही ऐकू येते. अशी एक फेरी त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेवा, सोबत देखभाल विभागातला जुना माणूस द्या आणि सुरक्षेची माहिती, बूट, गेटपास यांची सोयही करा. अमेरिकेतल्या एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड या पर्यावरण संस्थेच्या, असेच विद्यार्थी कंपन्यांत पाठवणाऱ्या ‘क्लायमेट कोअर’ उपक्रमाने सुरुवातीला ऊर्जाबचतीवरच भर दिला होता, तो मला अगदी योग्य वाटतो. इथे मीटर असतो, बिल असतं, फरक दाखवता येतो.

मग आकडे. गेल्या २४ महिन्यांची वीजबिलं काढून ठेवा, म्हणजे एका उन्हाळ्याची दुसऱ्याशी तुलना होईल. कोणता मीटर कोणत्या भागाचा, याची यादी करा. ती बहुतेक ठिकाणी एखाद्याच्या डोक्यातच असते. डिझेलची नोंद पैशांत नको, लिटरमध्ये हवी, कारण एक लिटर जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि हिशेब तिथूनच सुरू होतो. कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबात स्वतः जाळलेलं इंधन म्हणजे स्कोप १ आणि विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप २, एवढं या मुदतीत नीट होतं. स्कोप ३ चे, म्हणजे पुरवठादार, वाहतूक अशा बाकीच्या अप्रत्यक्ष उत्सर्जनाचे, १५ प्रकार आहेत, त्यातला फार तर एक द्या. सगळे एकाच विद्यार्थ्याच्या गळ्यात मारणं अन्यायाचं आहे. लॉगिन आणि फाइल बघायची परवानगी तो येण्याआधीच मिळवा; ‘आयटीकडे मेल टाकलाय’ या उत्तरात दोन आठवडे सहज जातात.

मार्गदर्शक मोठ्या हुद्द्याचा नसला तरी चालेल, पण आठवड्यातून तासभर बसणारा हवा. वित्त विभागातल्या एकाची गाठ पहिल्याच आठवड्यात घालून द्या. किती वर्षांत पैसे वसूल होणारा प्रस्ताव इथे मंजूर होतो, हे विद्यार्थ्याला सुरुवातीलाच कळायला हवं.

विद्यावेतन द्याच. फुकट काम करणं ज्यांना परवडतं, तेवढेच विद्यार्थी नाहीतर तुमच्याकडे येतील. गोपनीयतेचा करार विद्यापीठातल्या मार्गदर्शकालाही दाखवा आणि यातलं काय प्रबंधात छापता येईल, ते आताच लेखी ठरवा.

शेवटच्या सादरीकरणाची तारीख खर्चाला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या कॅलेंडरवर आजच टाका. एक्सेलची फाइल सूत्रांसकट कुणाच्या ताब्यात जाणार, त्या कर्मचाऱ्याचं नाव लिहा आणि सहा महिन्यांनी तेच मीटर पुन्हा वाचायचं कामही त्याच्याच नावावर टाका.