गूगल अ‍ॅड्समध्ये क्लिकचा भाव कसा ठरतो आणि आपली बोली किती असावी

गूगलवर जाहिरात देणाऱ्याला क्लिकचे दरपत्रक कुठेही मिळत नाही, कारण कोणी शोध घेतला की प्रत्येक वेळी नव्याने लिलाव होतो आणि त्यात ठरलेली रक्कम क्लिक झाले तरच आकारली जाते. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या शोध-संकेतस्थळाने ही पद्धत आणली तेव्हा ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात वर दिसे आणि त्याला बोलीइतकीच रक्कम भरावी लागे. २००२ मध्ये गूगलने क्रम लावताना लोक त्या जाहिरातीवर किती प्रमाणात क्लिक करतात हेही धरायला सुरुवात केली आणि खालच्या स्पर्धकाच्या पुढे राहण्यासाठी जेवढी लागेल तेवढीच रक्कम घेण्याचे ठरवले. आज जाहिरातीची शोधाशी सुसंगती, क्लिकनंतर उघडणारे पान, शोधणाऱ्याचे ठिकाण आणि उपकरण यांचाही त्यात विचार होतो.

हिशेब सोपा करून पाहू. जाहिरात आणि तिचे पान किती चांगले यासाठीच्या गुणांना इथे गुणवत्ता म्हणू, आणि बोली व गुणवत्ता यांच्या गुणाकारावरून क्रम लागतो असे धरू. समजा, एकाची बोली २० रुपये आणि गुणवत्ता ४ आहे, तर दुसऱ्याची बोली १२ रुपये आणि गुणवत्ता ८ आहे. गुणाकार अनुक्रमे ८० आणि ९६ येत असल्याने कमी बोलीचा दुसरा जाहिरातदार वर दिसेल आणि ८० भागिले ८, म्हणजे सुमारे १० रुपयेच भरेल. प्रत्यक्षातले गणित याहून गुंतागुंतीचे असते, आणि खात्यात दिसणारा १ ते १० मधला गुणवत्ता गुणांक हा केवळ निदानासाठी असतो. तरीही बोली वाढवण्याआधी जाहिरातीचा मजकूर आणि पान सुधारावे, हे माझे ठाम मत आहे.

आपली कमाल बोली मात्र स्पर्धकांकडे पाहून ठरवू नये. ती स्वतःच्या नफ्यातून काढावी. हापूसच्या एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च वजा करण्याआधी ४०० रुपये उरत असतील आणि शंभर क्लिकमधून चार पेट्या विकल्या जात असतील, तर एका क्लिकची किंमत आपल्यासाठी १६ रुपये होते. त्याहून अधिक दिले की प्रत्येक विक्रीत तोटा होतो, म्हणून नऊ-दहा रुपयांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. हे प्रमाण कळण्यासाठी ऑर्डरची नोंद घेणारे कन्व्हर्जन ट्रॅकिंग पहिल्या दिवसापासून सुरू असलेच पाहिजे. ते नसताना स्वयंचलित बोली, म्हणजे बोली गूगलनेच ठरवण्याचा पर्याय, निवडली, तर यंत्रणेला केवळ क्लिक दिसतात, ग्राहक दिसत नाहीत.

रोजचे बजेट ही त्या दिवसापुरती पक्की मर्यादा नसते. एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, मात्र महिन्याची एकूण आकारणी सहसा रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपुढे जात नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा धरावा.

पैसा सर्वाधिक वाया जातो तो नको असलेल्या शोधांवर. आपण निवडलेल्या शब्दांशी (कीवर्डशी) दूरान्वये संबंधित शोधांवरही जाहिरात दाखवणारा ब्रॉड मॅच ठेवल्यास पेटी विकणाऱ्याची जाहिरात आंब्याच्या कलमांचा किंवा पाककृतींचा शोध घेणाऱ्यांनाही दिसू शकते, म्हणून सुरुवातीला त्या शब्दांच्या अर्थाशी अधिक जुळणाऱ्या शोधांपुरते राहणारे फ्रेज किंवा एक्झॅक्ट मॅच वापरावे, दर आठवड्याला सर्च टर्म्सचा, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय शोधले त्याचा, अहवाल वाचावा आणि ‘कलम’, ‘रेसिपी’ यांसारखे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात नको त्यांच्या यादीत, टाकावेत. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये त्या भागात ‘रस असलेले’ लोकही आपोआप धरलेले असतात. केवळ पुण्यात पेट्या पोहोचवणाऱ्याने तो पर्याय बदलून तिथे प्रत्यक्ष असणाऱ्यांपुरताच ठेवावा.