पिस्टनची तुलना करताना: ताकद आणि तेलाचा खप

तेल खाणाऱ्या इंजिनाचे पिस्टन बदलण्याआधी दोष पिस्टनकडेच आहे, याची खात्री करून घ्यावी. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. चढावर जोर देताना धूर येतच राहत असेल, तर पिस्टनभोवतीच्या रिंगांवर. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या तळात साचणारे वायू परत इनटेककडे सोडणारा व्हॉल्व्ह) तपासणे सर्वांत सोपे असते, म्हणून ते काम आधी उरकावे.

दोन पिस्टन समोर आले की बहुतेकांची नजर माथ्यावर जाते, कारण कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते, ते प्रमाण) त्याच्या आकाराने बदलतो. तेलाचा प्रश्न असेल तर मात्र पिस्टन उलटा धरून ऑइल रिंगची खाच आधी पाहावी, असे माझे ठाम मत आहे. ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल खरवडते आणि ते तेल खाचेमागच्या भोकांतून पिस्टनच्या आत उतरून खाली परत जाते. ही भोके थोडी आणि बारीक असली, तर तेल तिथेच अडून जळते, त्याचा कार्बन भोके बुजवतो, रिंग खाचेत चिकटते आणि पुढे खप वाढतच जातो. पिस्टन उजेडासमोर धरून प्रत्येक भोकातून आरपार दिसते का, हे पाहावे. टोयोटाच्या २.४ लिटरच्या एका इंजिनमालिकेत तेलाच्या खपाच्या तक्रारी आल्यावर कंपनीने सुधारित पिस्टन आणि रिंगा बसवून दिल्या होत्या, यावरून या भागाचे महत्त्व लक्षात यावे.

त्यानंतर धातूकडे वळावे. फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) पिस्टनसाठी ४०३२ आणि २६१८ हे दोन मिश्रधातू सर्रास वापरले जातात. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते, तर २६१८ मध्ये ते जवळपास नसतेच. त्यामुळे २६१८ अधिक चिवट असतो आणि नॉकिंगचा (इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या धक्क्यांचा) मार जास्त सोसतो, पण तापल्यावर जास्त फुगतो. म्हणून त्याला बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) जास्त क्लिअरन्स (मोकळी जागा) द्यावा लागतो, इंजिन थंड असताना तो डुलून खडखडतो आणि त्या डुलण्याने रिंगांची पकड सुटून तेल वर जाऊ शकते. सुमारे १६ ते १८ टक्के सिलिकॉनचे ओतीव हायपरयुटेक्टिक पिस्टन कमी फुगतात आणि घट्ट बसतात, मात्र नॉकिंगमध्ये तडकण्याचा धोका त्यांना अधिक असतो. जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या, वारंवार थंड सुरू होणाऱ्या साध्या गाडीत २६१८ घालण्यात मला शहाणपण दिसत नाही; जास्त बूस्टच्या (टर्बोने हवेला दिलेल्या जादा दाबाच्या) टर्बो इंजिनात तो शोभतो.

पिस्टनचे माप स्कर्टवर (रिंगांखालच्या भागावर), गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात आणि उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवरच घ्यावे, कारण स्कर्ट किंचित लंबगोल आणि पिंपासारखा फुगीर घडवलेला असतो. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजावा. हलक्या ताणाच्या रिंगा घर्षण कमी करतात खऱ्या, पण बोअर गोल नसेल किंवा होनिंग (बोअरची भिंत घासून तयार करण्याचे काम) नीट झाले नसेल, तर त्याच रिंगा तेल सोडतात.

वरच्या रिंगच्या टोकांमधली फट साध्या इंजिनात ८६ मिमी बोअरला ढोबळमानाने ०.३५ मिमी धरतात, टर्बोमध्ये त्याहून जास्त. अंतिम आकडा उत्पादकाचाच मानावा. ही फट कमी पडून तापलेल्या रिंगची टोके भिडली, तर बोअर ओरखडतो आणि कधी पिस्टनचा वरचा भागही तुटतो.

जोडणीनंतर खपाची तुलना करायची, तर दोन्ही वेळा एकाच ग्रेडचे तेल वापरावे आणि गाडी सपाट जागी उभी करून, गरम इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. वर घातलेले तेल मापाच्या भांड्याने मोजून दर १००० किमीला नोंदवावे. रिंगा बोअरला बसेपर्यंतचा सुरुवातीचा खप मात्र तुलनेत धरू नये.