पोरीच्या स्तनात गाठ लागली तर

विशीतली मुलगी आईबरोबर माझ्या ओपीडीत येते, तेव्हा दोघींच्याही डोक्यात कॅन्सरच असतो. या वयात बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमा निघतो: कॅन्सर नसलेली, गुळगुळीत, रबरासारखी, बोटाखालून निसटणारी गाठ. तरी नुसत्या हाताच्या अंदाजावर मी कुणाला घरी पाठवत नाही.

आधी सोनोग्राफी करा. तरुण वयात स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत गाठ नीट दिसत नाही. शंका आली तर जाड सुईने तुकडा काढून तपासायचा. सुईमुळे गाठीचा कॅन्सर होतो, ही भीती मनातून काढून टाका.

लहान, साधी गाठ 6 महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफीत पाहिली तरी चालते. भराभर वाढणारी, 3 सेंटिमीटरच्या पुढे गेलेली किंवा फार दुखणारी गाठ मात्र काढावी. शक्य तिथे मी स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने छेद घेते, व्रण लपून जातो. फिलॉइड्सचा (तशाच दिसणाऱ्या, पण भराभर वाढणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या गाठीचा) संशय असेल तर भोवतीचा थोडा निरोगी भागही काढावा लागतो. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. रिपोर्ट मागून घ्या, जपून ठेवा.

आणि आयांनो, लग्न ठरायचंय म्हणून गाठ लपवू नका, पोरीला मोकळेपणाने बोलू द्या.