पनामा कालव्यातनं शिडाची बोट न्यायची तर पाव्हण्यांना आधी दोर शिकवा

कोल्हापुरातनं दोन दोस्त आणि एका दोस्ताची बायको खास कालव्यासाठी आलेले, तेव्हा जे शिकलो ते सांगतो. पनामाचा नियम असाय की छोट्या बोटीवर सुकाणूवाला सोडून चार माणसं दोर धरायला लागतातच, शिवाय कालव्याचा सल्लागार असतो तो वेगळा. म्हणजे आलेला मित्र नुसता बसून फोटो काढणारा नाही, कामाचा गडी हाय.

त्यामुळं तयारी घरीच सुरू करा. मी त्यांना दोन महिने आधी सांगितलेलं, रंकाळ्यावर फिरायला जाताना दोराचा तुकडा खिशात ठेवा आणि बोलाइन गाठ (न सरकणाऱ्या फासाची) डोळे झाकून मारता येईपर्यंत मारा. वहिनी सगळ्यात आधी शिकल्या. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्यायचीच, सर्टिफिकेट नसलं तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकवून ठेवतात.

बोटीवर 125 फुटी चार दोर लागतात, भाड्यानं मिळतात, आणि दोन्ही बाजूला फेंडर (बोट घासू नये म्हणून लटकवायच्या फुगीर उशा) नाहीतर प्लास्टिकात गुंडाळलेले टायर. सोलर पॅनलवर गादी टाका, कारण लॉकच्या, म्हणजे दारं लावून पाणी भरायच्या-सोडायच्या हौदाच्या, भिंतीवरनं कामगार बारीक दोरी फेकतात तिच्या टोकाला जड गोळा असतोय. तो हवेत झेलायचा नाही, दोरी पडू द्या मग धरा, आणि आपल्या जाड दोराचा फास तिला बांधा की ते वर ओढून खुंट्याला अडकवतात.

आता खरं काम. गाटूनला, म्हणजे अटलांटिककडच्या लॉकांत, तीन टप्प्यांत बोट 26 मीटर वर चढते. पंप नाही काय नाही, वरच्या तळ्याचं पाणी उतारानं खालनं आत घुसतंय. आपल्या बंधाऱ्याचे बरगे काढल्यावर पाणी कसं उसळतं, ते डोळ्यासमोर आणा, तसं बोटीखाली होतंय. बोट वर येईल तसा दोर ढिला पडतो, तो सारखा ओढून घ्यायचा, क्लीटला (बोटीवरची दोर अडकवायची खुंटी) वेढा ठेवूनच, आणि चौघांनी सारखाच, एक जण जरी मागं राहिला तरी बोट आडवी फिरते. आमच्यात एकानं मोबाइल काढला आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, भिंतीपासनं हातभर अंतरावर आली, त्या दिवसापासनं मी सगळ्यांचे फोन खाली ठेवायला लावतो. पुढचं मोठं जहाज निघताना त्याच्या पंख्याचं पाणीबी मागं येतंय, तोवर दोर सोडायचा नाही.

रात्र गाटून तळ्यात बॉयला (तळाशी नांगरलेला तरंगता पिंप) बांधून काढायची. पोहायचं नाही, मगरी हायत. सल्लागाराला गरम जेवण आणि सीलबंद पाणी द्यावं लागतंय, रस्सा केला तर त्याच्यापुरता तिखट कमी. कालव्यात शीड लावता येत नाही, सगळं इंजिनवर, म्हणून इंजिन आधीच नीट बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस या पॅसिफिककडच्या लॉकांतनं उतरायचं. तिथं उलटं, बैलाचा कासरा सोडतो तसा दोर हळूहळू सोडत जायचा, क्लीटवर गाठ पक्की करून ठेवलीत तर बोट लटकंल. शेवटचं दार उघडलं की सगळ्यांना घाई होती, पण तिथं गोडं आणि खारं पाणी मिसळून जोरात ओढ लागते, सल्लागार सांगेल तेव्हाच दोर सोडा.