परदेशात कशासाठी शिकायचे, हे कसे ठरवावे

परदेशी शिक्षणाची तयारी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी देश ठरतो, मग विद्यापीठांची यादी होते, भाषेची परीक्षा दिली जाते, आणि अर्जासोबत एसओपी, म्हणजे आपला हेतू सांगणारे निवेदन, लिहिण्याची वेळ आली की ‘आपण नेमके का जात आहोत’ हा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो. तोपर्यंत पैसा आणि घरच्यांच्या अपेक्षा त्यात इतक्या गुंतलेल्या असतात की खरे उत्तर शोधण्याऐवजी शोभेल असे उत्तर शोधले जाते. म्हणून आधी कारण आणि मग देश, असा क्रम ठेवून विचार कसा करता येईल, ते येथे मांडले आहे.

हा प्रश्न टाळता येण्यासारखाही नाही, कारण तो पुढे सरकारी अर्जातच विचारला जातो. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ‘जेन्युइन स्टुडंट’ ही अट लागू केली. त्यानुसार हाच अभ्यासक्रम, हाच देश आणि हीच संस्था का निवडली आणि त्याचा पुढे काय उपयोग होणार, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी १५० शब्दांच्या आत लिहावी लागतात. दीडशे शब्द म्हटले तर थोडे वाटतात. पण मनात कारण स्पष्ट नसेल तर तेवढेही भरत नाहीत.

सुरुवात एका कागदाने करावी आणि मनात येतील ती सगळी कारणे त्यावर लिहावीत. हा कागद कोणाला दाखवायचा नाही, त्यामुळे सांगायला संकोच वाटेल अशी कारणेही त्यात यायला हवीत: बरोबरीचे सगळे निघाले आहेत, घरापासून दूर राहायचे आहे, आई-वडिलांची इच्छा आहे, पुढे काय करावे ते सुचत नाही आणि आणखी दोन वर्षे शिकत राहणे सोयीचे वाटते. यातले कोणतेही कारण लाजिरवाणे नाही. फक्त शेवटच्या कारणाबद्दल सावध राहावे. विचार करायला सवड मिळवण्याचा परदेशी पदवीइतका महाग मार्ग दुसरा क्वचितच असेल.

त्यानंतर प्रत्येक कारण असे पुन्हा लिहावे की त्यातून शिक्षणानंतर आपल्याला काय करता येईल हे कळेल. ‘चांगले करिअर’, ‘जागतिक दर्जा’, ‘एक्सपोजर’ हे शब्द कागदावर आले की ते खोडून त्यांच्या जागी नेमकी गोष्ट लिहावी. भूकंपरोधक बांधकाम शिकू इच्छिणारी स्थापत्य अभियंता ‘जपानमध्ये शिक्षण चांगले आहे’ असे लिहिते, तेव्हा त्यातून काहीच हाती लागत नाही. पण ‘मला प्रत्यक्ष आकाराच्या इमारतींवर कंपन-चाचण्या कशा होतात ते शिकायचे आहे आणि त्यासाठीचा महाकाय कंपनमंच जपानमध्ये मिकी येथील ई-डिफेन्स केंद्रात आहे’ असे ती लिहिते, तेव्हा देश, विषय, विभाग आणि संशोधनगटसुद्धा जवळजवळ ठरतो. प्रत्येकाचे कारण इतके स्थानबद्ध नसते आणि ते तसे असलेच पाहिजे असेही नाही. तरीही ‘ही गोष्ट मला दुसरीकडे, कमी खर्चात किंवा घरी राहून मिळेल का’ हा प्रश्न प्रत्येक कारणाला एकदा विचारावाच. जॉर्जिया टेकने २०१४ साली संगणकशास्त्रातील मास्टर्सचा पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याची एकूण फी १० हजार डॉलरच्या आत आहे. ज्याला केवळ ते ज्ञान आणि ती पदवी हवी आहे, त्याने देश सोडण्याआधी असे पर्याय पाहिलेले असावेत.

आता यादीतले एकेक कारण बोटाने झाकून पाहावे. हे कारण नसते, तर मी गेलो असतो का? उत्तर ‘हो’ असेल तर ते कारण दुय्यम आहे. जे झाकल्यावर सगळा बेतच कोसळतो, ते मुख्य कारण. बहुतेकांच्या यादीत अशी एक किंवा दोनच कारणे उरतात आणि पुष्कळदा ती एसओपीमध्ये लिहिलेल्या कारणांहून वेगळी असतात.

ज्यांचे मुख्य कारण नोकरी किंवा स्थायिक होणे हे निघते, त्यांना सर्वाधिक विचार करावा लागतो, कारण येथे आपली इच्छा आणि दुसऱ्या देशाचा कायदा यांची गाठ पडते. विद्यार्थी व्हिसा हा शिकण्यासाठी असतो, त्यानंतरचा काम शोधण्याचा काळ ही वेगळी आणि मर्यादित सवलत असते, आणि त्याही पुढचा नोकरीचा परवाना बहुधा मालकाच्या हाती असतो. या तीन पायऱ्या एकच आहेत असे समजून निर्णय घेणारे पुढे अडचणीत येतात. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला ओपीटी या कामाच्या सवलतीखाली १२ महिने काम करता येते आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांतील पात्र पदवी असेल तर आणखी २४ महिने मिळतात. पण त्यानंतर बहुतेकांना लागणाऱ्या एच-१बी या नोकरीच्या परवान्यांची नेहमीची वार्षिक मर्यादा ८५ हजार आहे, त्यांपैकी २० हजार अमेरिकेतील मास्टर्स किंवा त्यावरील पदवीधरांसाठी राखीव असतात, आणि अर्ज त्याहून जास्त आले की गुणवत्ता असूनही निवड आपल्या हातात राहत नाही. शिवाय अमेरिकी कायद्याच्या २१४(ब) या कलमानुसार एफ-१ च्या अर्जदाराला, आपला तेथे कायम राहण्याचा हेतू नाही, हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. म्हणजे कायमचे स्थायिक होणे हेच ज्याचे एकमेव कारण आहे, तो आपल्या हेतूशी न जुळणाऱ्या दारातून आत जाऊ पाहतो आहे.

ब्रिटनमधील मास्टर्स साधारण एका वर्षाचे असते. फी एकाच वर्षाची म्हणून ते स्वस्त वाटते, परंतु नोकरीचा शोध पहिल्या सत्रापासूनच सुरू करावा लागतो. ज्याला अजून शहरातल्या बसचे मार्गही समजलेले नाहीत, त्याने मुलाखतींची तयारी करावी अशी ही मागणी आहे. पदवीनंतर तेथे ग्रॅज्युएट रूटखाली दोन वर्षे राहता येते, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती मुदत १८ महिन्यांवर येणार आहे; पीएचडीधारकांची तीन वर्षे मात्र कायम आहेत. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. कॅनडात पदव्युत्तर कामाचा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, पण पदवीपेक्षा खालच्या अनेक अभ्यासक्रमांना आता ठरावीक विषयांची अट आहे, त्यामुळे ‘कोणताही छोटा डिप्लोमा करून परवाना मिळवू’ हा हिशेब पूर्वीसारखा जुळत नाही.

हे सर्व नियम बदलत असतात आणि ते फार पूर्वसूचना न देताही बदलतात. म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा स्वतःला एक कठोर प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते: पदवी मिळाली, पण तेथे नोकरी मिळाली नाही आणि परतावे लागले, तरी हा निर्णय योग्य होता असे मला वाटेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर आपण शिक्षण घेत नसून एका परवान्यासाठी मोठी रक्कम पणाला लावत आहोत, हे निदान स्वतःशी मान्य करावे. अशा वेळी शिक्षणाला वळसा न घालता थेट नोकरीचा मार्ग आहे का तेही पाहावे. कॅनडाची कुशल कामगार निवडणारी एक्सप्रेस एंट्री ही पद्धत २०१५ पासून चालू आहे आणि जर्मनीने जून २०२४ मध्ये नोकरी शोधायला येण्यासाठी गुणांवर आधारित चान्सेनकार्टे हा परवाना सुरू केला. अनुभव आणि भाषा हाताशी असणाऱ्याला कधी कधी दुसऱ्या पदवीची गरजच नसते.

संशोधन हे कारण असणाऱ्यांची चूक वेगळी असते. पीएचडी करायची असूनही ते आधी स्वतःच्या खर्चाने मास्टर्स करतात, कारण तसे करावेच लागते असा त्यांचा समज असतो. अमेरिकेत अनेक विभाग बॅचलर्सनंतर थेट पीएचडीला प्रवेश देतात आणि विज्ञान-अभियांत्रिकीत सहसा फी माफ होऊन अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून विद्यावेतनही मिळते. नेदरलँड्स आणि नॉर्डिक देशांत पीएचडीचा उमेदवार पुष्कळदा पगारी कर्मचारीच असतो, मात्र तेथे आधी मास्टर्स लागते. कारण संशोधनाचे असेल तर विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक प्राध्यापक महत्त्वाचे ठरतात. त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचून कंटाळा आला, तर तो कंटाळा गांभीर्याने घ्यावा.

नावलौकिक हे कारण लिहिले असेल, तर क्रमवारी कशी बनते तेवढे जाणून घ्यावे. क्यूएस या संस्थेच्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत ३० टक्के भार प्राध्यापक-संशोधकांच्या मतांवर आणि १५ टक्के भार नोकरी देणाऱ्यांच्या मतांवर असतो, म्हणजे जवळजवळ निम्मी क्रमवारी लोकांच्या मनातील प्रतिमेवर उभी आहे. तुमच्या विषयाचा वर्ग कसा चालतो, हे त्यातून कळत नाही.

जग पाहणे, एकट्याने राहून पाहणे, वेगळी भाषा कानावर पडणे ही कारणे मी मुळीच हलकी मानत नाही. फक्त त्यांना पूर्ण पदवीची किंमत मोजावी लागतेच असे नाही. आपल्या संस्थेचा करार असेल तर एका सत्राची देवाणघेवाण किंवा उन्हाळी अभ्यासवर्ग यातून ती गरज पुष्कळ भागते. आणि पदवीच हवी असेल, तर युरोपातील इरास्मस मुंडुस संयुक्त मास्टर्समध्ये एकाच अभ्यासक्रमात किमान दोन देशांत शिकावे लागते. त्यासाठी शिष्यवृत्तीही असते.

डॉक्टर, वकील, परिचारिका अशा परवान्याच्या व्यवसायांत असणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. पदवी आणि व्यवसायाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत वैद्यकीय व्यवसाय करायचा तर बाहेरच्या पदवीधराला यूएसएमएलई या परवान्याच्या परीक्षा आणि तेथील रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील प्रशिक्षण, यांतून जावे लागते; सार्वजनिक आरोग्यातील एखादी मास्टर्स पदवी त्यांची जागा घेत नाही. अभियंत्यांसाठी देशादेशांतील पदव्यांना परस्परमान्यता देणारा १९८९ चा वॉशिंग्टन करार आहे, पण त्याखालील परस्परमान्यता संबंधित देशांत अधिस्वीकृती मिळालेल्या अभ्यासक्रमांपुरतीच आहे. जिथे काम करायचे आहे तेथील परवाना देणाऱ्या संस्थेचे नियम विद्यापीठाच्या माहितीपत्रकाच्या आधी वाचावेत.

आता पैसा. कारण आणि खर्च एकाच कागदावर शेजारीशेजारी मांडले की बरेच धुके निवळते. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते, आणि ‘मोफत’ शिक्षणासाठीसुद्धा व्हिसाच्या वेळी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो होती. पार्ट-टाइम कामावर सगळा खर्च भागेल असे कोणी सांगितले तर तासांची मर्यादा पाहावी: ब्रिटनमध्ये पदवी अभ्यासक्रमांसाठी सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात संकुलाबाहेर २४, जपानमध्ये परवानगी घेऊन २८, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. एवढ्या तासांत किराणा आणि भाड्याचा काही भाग निघतो, फी निघत नाही. शिष्यवृत्ती मिळत असेल तर तिच्या अटीही कारणाशी ताडून पाहाव्यात. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेणाऱ्याला शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतावे लागते आणि अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जे-१ व्हिसाने जाणाऱ्यांनाही तशीच दोन वर्षांची अट असते. परत येऊन काम करणे हेच ज्याचे कारण आहे, त्याला ही अट खुपत नाही. स्थायिक होण्याचे कारण मनात ठेवून ती स्वीकारणाऱ्याची मात्र कोंडी होते.

सल्ला घेताना सल्लागाराचे हित कुठे आहे ते पाहावे. अनेक एजंटांना प्रवेशामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळते, म्हणून त्यांचा सल्ला फुकट असतो. तो चुकीचाच असेल असे नाही, पण ज्या विद्यापीठाशी त्यांचा करार नाही ते त्यांच्या यादीत सहसा दिसणार नाही. त्याच अभ्यासक्रमातील दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी बोलावे आणि त्यांत परत आलेली एक व्यक्ती जरूर असावी. तिला ‘कसे होते’ असे न विचारता ‘पहिल्या हिवाळ्यात एक साधा मंगळवार कसा जात होता’ असे विचारावे. तेथील दिवस मुख्यतः वाचन, स्वयंपाक, कपडे धुणे, एकटेपणा आणि वेळेवर द्यायचे गृहपाठ यांनी भरलेला असतो. आपले कारण अशा मंगळवारी पुरेल का, याचा अंदाज त्या उत्तरातून येतो.

घरच्यांचे कारण आणि आपले कारण वेगळे असेल तर तेही अर्जापूर्वी बोलून घ्यावे. जोडीदाराला सोबत नेण्याचा विचार असेल तर त्यासाठीचे नियम वेगळे असतात. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून अध्यापनाधारित मास्टर्सच्या नव्या विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणण्याची मुभा सरकारी शिष्यवृत्तीसारखे अपवाद वगळता काढून घेतली, संशोधनाच्या अभ्यासक्रमांना ती ठेवली. एवढ्या एका नियमामुळे काहींचे मुख्य कारणच बदलते.

कागदावर शेवटी उरलेले कारण दोन वाक्यांत लिहून त्याखाली तारीख घालावी आणि तो कागद दोन आठवडे बाजूला ठेवावा. पुन्हा वाचताना ते आपलेच वाटले, तर त्यानुसार अभ्यासक्रम शोधायला लागावे. प्रवेश मिळून अनामत रक्कम भरण्याची वेळ येईल तेव्हा तोच कागद पुन्हा काढावा. मधल्या काळात कारण बदलले असेल तर प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलता येतो का, हे विद्यापीठाला ईमेल करून विचारावे. बरीच विद्यापीठे तशी सोय देतात, आणि अनामत परत मिळण्याची मुदत केव्हा संपते हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यावे.