चीनमधील सोग्दी कबरींवरील शिल्पे कशी वाचावीत

खानदेशच्या वेशीवरील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छतावर टोपी घातलेले, मद्यपान करणारे परदेशी पुरुष रंगवलेले आहेत. जळगावहून फर्दापूरमार्गे तेथे जाणाऱ्यांची नजर पोशाखावरून परका माणूस हेरण्यास सरावलेली असते. मध्य आशियातील समरकंद-बुखारा भागातून आलेल्या सोग्दी लोकांच्या चीनमधील कबरींसमोर मात्र ही सवय आवरावी लागते, कारण तेथील शिल्पे त्या परक्यांनी स्वतःसाठीच घडवून घेतलेली आहेत.

सुरुवात मृत्युलेखापासून करावी. शीआन येथे 2000 साली सापडलेल्या कबरीतील आन ज्या हा 579 मध्ये वारला. ‘आन’ हे आडनाव त्याचे मूळ बुखाऱ्याशी जोडते, तर ‘साबाओ’ हे पद तो परदेशी वसाहतीचा प्रमुख आणि चिनी दरबाराचा अधिकारीही होता, हे सांगते. ही दुहेरी ओळख ध्यानात ठेवूनच शिल्पांकडे वळावे.

नंतर दरवाजावरील पट्टी पाहावी. तीन उंटांच्या पाठीवर अग्निवेदी असून दोन्ही बाजूंस कमरेखाली पक्षी असलेले पुरोहित उभे आहेत; त्यांच्या तोंडावर पट्टी आहे, जशी पारशी अग्यारीत आजही बांधली जाते. आतील दगडी मंचकाच्या सोनेरी मुलाम्याच्या फलकांवर शिकार, मेजवान्या आणि भेटीगाठी आहेत. तेथे पोशाखापेक्षा केस अधिक उपयोगी पडतात: लांब केसांचे तुर्क, आखूड केसांचे सोग्दी. मंचकावर मृतदेह नव्हता. अस्थी दाराबाहेर मिळाल्या. म्हणून उत्खननाचा आराखडा शेजारी ठेवल्याशिवाय केवळ छायाचित्रांवरून अंत्यविधीविषयी काही ठरवू नये.

धार्मिक दृश्यांसाठी 2003 साली शीआनलाच सापडलेली शी जुन याची घराच्या आकाराची दगडी शवपेटी अधिक मोलाची आहे, असे माझे मत आहे. तिच्यावर सोग्दी आणि चिनी अशा दोन्ही भाषांत लेख आहे. सोग्दी लेखात त्याचे नाव विर्काक असे येते. पूर्वेकडील भिंतीवर मृतात्मे चिन्वत पूल, म्हणजे जरथुश्त्री श्रद्धेतील परलोकाकडे नेणारा पूल, ओलांडतात आणि पुलाच्या तोंडाशी दोन कुत्रे राखण करतात. ही भिंत सावकाश, पुलापासून वरच्या दिशेने वाचावी.

चीनमधीलच ताइयुआन शहरात सापडलेली यू होंग याची संगमरवरी शवपेटीही अशाच शैलीची आहे. परंतु शैली जुळते म्हणून त्यालाही सोग्दी ठरवू नये, कारण त्याच्या मृत्युलेखात मूळ देश वेगळा दिला आहे.